शीलाची परीक्षा

राज्यकारभार ज्याच्या हाती सोपवायचा तो कामात निपुण असावा आणि मनाने स्वच्छही, या अपेक्षेचा माग काढत आपण सुमारे दोन हजार वर्षे मागे गेलो, की कौटिल्याच्या अर्थशास्त्रापाशी येऊन थांबतो. अमात्याची विद्या त्या त्या शास्त्राच्या जाणकारांनी पारखावी, असे कौटिल्य सांगतो. शीलासाठी मात्र त्याने ‘उपधा’ योजल्या. धर्म, अर्थ, काम आणि भय या चार वाटांनी अमात्याला गुपचूप राजद्रोहाची फूस लावून पाहायची. धर्माच्या कसोटीला उतरेल त्याच्याकडे न्यायदान, धनाला भुलणार नाही त्याच्याकडे महसूल आणि कोठार, चारही कसोट्या पार करील तो मंत्री. चारही ठिकाणी घसरलेल्याला खाणी, हत्तींची अरण्ये आणि कारखान्यांवर धाडायचे; म्हणजे त्याचे कसब वापरायचे, पण सिंहासनापासून दूर. या प्रकरणातला मला सर्वांत मोलाचा वाटतो तो एक इशारा: पाण्यात विष कालवावे तसा, परीक्षेच्या निमित्ताने निर्दोष माणूसच नासवू नये.

चीनमध्ये हान राजवटीत मातापित्यांची सेवा आणि निर्लोभ वृत्ती पाहून अधिकारी निवडले जात. ती राजवट मोडकळीस आली असताना, इ. स. 210 मध्ये, सेनानी त्साव त्सावने फर्मान काढले की केवळ कर्तबगारी पाहा, वर्तनावर डाग असला तरी चालेल. इतिहासकार सिमा ग्वांगने 1084 मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या बखरीत नेमकी उलट बाजू घेतली. शील नसलेल्या हुशार माणसापेक्षा दोन्ही नसलेला मूर्ख त्याला परवडतो, कारण मूर्खाच्या अंगी मोठा घात करण्याचे बळच नसते.

1855 मध्ये लंडनला हिंदुस्थानच्या सनदी सेवेची खुली परीक्षा सुरू झाली आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या संचालकांची वशिलेबाजी संपली. ही सुधारणा खरीच मोठी होती, पण उत्तरपत्रिकेत मोजली जाई ती विद्वत्ता. त्याच सेवेच्या ऐन भरात, 1905 मध्ये, म्हैसूरला संस्कृत पंडित आर. शामशास्त्री यांच्या हाती लुप्त झालेल्या अर्थशास्त्राची ताडपत्रे आली. स्वतंत्र भारताच्या लोकसेवा आयोगाने नीतिशास्त्र, सचोटी आणि अभिक्षमता यांची 250 गुणांची प्रश्नपत्रिका आणली ती थेट 2013 मध्ये. लाचेच्या प्रसंगी आपण काय कराल, हे उमेदवार आता तीन तासांत लिहितो. पुढची तीस वर्षे तो तसाच वागेल याची हमी त्या गुणांत नसते. जणू ही उणीव ओळखूनच, त्याच 2013 मध्ये संसदेने भ्रष्टाचाराच्या चौकशीसाठी लोकपाल कायदाही संमत केला.