थॉरचा हातोडा आणि भवानी तलवार : कथेवर थर कसे चढतात?

१/९
कॉमिकमधून पडद्यावर आलेल्या सुपरहिरोंच्या चित्रपटांपैकी इतिहासप्रेमींनी आवर्जून पाहावा असा एक म्हणजे २०११ चा ‘थॉर’. त्यातील हातोडा केवळ पात्र व्यक्तीलाच उचलता येतो. ही अट मूळ कथेत नव्हती. ती कशी आली हे पाहिले, की तुळजापूरची एक प्रसिद्ध कथाही नव्याने वाचता येते.

२/९
तेराव्या शतकात आइसलँडच्या स्नोरी स्टुर्लुसन याने नॉर्स देवकथा ग्रंथबद्ध केल्या. तेथे हातोडा बुटक्या कारागिरांनी घडवलेला आहे आणि त्याचा दांडा आखूड राहिला आहे. पात्रतेची अट कोठेच नाही. एका जुन्या काव्यात तर थ्रिम नावाचा राक्षस तो चोरून नेतो.

३/९
ऑगस्ट १९६२ च्या ‘जर्नी इंटू मिस्ट्री’ या कॉमिकच्या ८३ व्या अंकात स्टॅन ली, लॅरी लीबर व जॅक कर्बी यांनी थॉर आणला. पात्र असेल त्यालाच थॉरचे सामर्थ्य लाभेल, अशा आशयाचा मजकूर हातोड्यावर कोरला गेला तो येथे. चित्रपटाचे सारे कथानक या नव्या थरावर उभे आहे.

४/९
आता धाराशिव जिल्ह्याकडे वळू. तुळजापूरची भवानी हे भोसले घराण्याचे कुलदैवत. शारदीय नवरात्रात येथे ‘भवानी तलवार अलंकार महापूजा’ मांडली जाते. देवी शिवरायांना तलवार देत आहे, हे दृश्य चित्रांतून घरोघरी पोहोचले आहे. जुनी साधने काय सांगतात?

५/९
कवींद्र परमानंद हा शिवरायांचा समकालीन. त्याच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्यात अफझलखानाच्या प्रसंगी देवी प्रकट होते. मात्र ती तलवार हाती देत नाही. मीच तुझी तलवार होऊन राहिले आहे, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे.

६/९
कृष्णाजी अनंत सभासदाची बखर १६९७ च्या सुमाराची. खानाने तुळजापूरच्या देवीस उपद्रव केल्याचे व देवीने महाराजांना यशाचे आश्वासन दिल्याचे तो लिहितो. प्रत्यक्ष भेटीत मात्र महाराजांच्या हाती वाघनख आणि बिचवा आहे.

७/९
शेडगावकर बखरीत आणखी निराळी हकिकत येते. तीनुसार ही तलवार कोकणातील सावंतांकडून आली आणि तिच्या मोबदल्यात ३०० होन दिले गेले. एकाच तलवारीचे असे तीन वृत्तांत : देवीचे रूप, देवीचे वरदान आणि रोख व्यवहार. त्यांपैकी वरदानाचे चित्र लोकमानसात सर्वाधिक रुजले.

८/९
हे थर ओळखणे का आवश्यक? कारण सर्व यश शस्त्राच्या चमत्काराला दिले, तर १० नोव्हेंबर १६५९ मागची योजना झाकोळते. खानाला मोकळ्या मैदानातून जावळीच्या अरण्यात आणणे, पंताजी गोपीनाथांची वकिली, रानात दबा धरून बसलेले सैन्य आणि अवघ्या १८ दिवसांत पन्हाळ्यापर्यंत मारलेली मजल, ही माणसांची कर्तबगारी होती.

९/९
म्हणून श्रद्धेची कथा खोटी ठरवून टाकून द्यावी, असे नाही. १६६१ मध्ये महाराजांनी प्रतापगडावर भवानीची स्थापना केली. त्यांची भक्ती हेही इतिहासाचेच सत्य आहे. कोणता थर कोणत्या काळी आणि कोणी चढवला, एवढे विचारत राहावे. हाच प्रश्न मनाशी ठेवून ‘थॉर’ जरूर पाहावा, आणि पुढे शिवरायांवरील प्रत्येक चित्रपटही.