जखमेचा हक्क आणि हजेरीचे दिवस

कलकत्त्यातील मराठी मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत कामगारांच्या विम्याचा इतिहास कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. परंतु हुगळीच्या दोन्ही तीरांवरील तागाच्या गिरण्यांत हात गमावलेला मजूर ज्या हक्काने पैसे मागतो, त्याच्या पूर्वपीठिकेत मराठी माणसांचा वाटा मोठा आहे. तो येथील मराठी घरांतही फारसा ठाऊक नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

१८८४ च्या सप्टेंबरात नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणीकामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचे निवेदन तयार केले. त्यातील रविवारच्या सुट्टीची मागणी सर्वांना स्मरते, कारण ती १८९० मध्ये पदरात पडली. त्याच निवेदनातील शेवटची मागणी मात्र विस्मरणात गेली. काम करीत असता जबर दुखापत झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा पंगू झाल्यास त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी, अशी ती मागणी होती. तिच्यात नोकरीच्या वर्षांची अट नव्हती. आमच्या मते या साऱ्या इतिहासाचे मर्म येथेच आहे. बंगालमध्येही त्या सुमारास बराहनगर येथे शशिपद बॅनर्जी यांनी ताग-गिरणीच्या मजुरांसाठी १८७० मध्ये श्रमजीवींचा क्लब काढला होता आणि १८७४ मध्ये त्यांच्यासाठी नियतकालिकही सुरू केले होते. त्यांचा भर मात्र शिक्षण व सदाचार यांवर अधिक होता.

नुकसानभरपाईचा कायदा व्हावयास १९२३ साल उजाडले. १ जुलै १९२४ पासून तो अमलात आला. अपघातासाठी नोकरी किती दिवसांची हे त्याने विचारले नाही; मात्र कामामुळे जडणाऱ्या काही रोगांसाठी सलग सहा महिन्यांच्या नोकरीची अट घातली. भरपाई एकरकमी असे व ती मालकाकडून वसूल करावी लागे. तुटलेल्या हाताने मालकाशी दावा लढणे किती जणांना साधले असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

मालकाऐवजी विमानिधीने हा भार उचलावा, हा विचार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बळावला. १९४२ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्यांच्या कारकिर्दीत, मार्च १९४३ मध्ये, प्रा. भा. प. आडारकर यांच्यावर औद्योगिक कामगारांच्या आरोग्यविम्याची योजना आखण्याचे काम सोपविण्यात आले. १९४४ मध्ये त्यांनी अहवाल दिला. त्यातूनच पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर व दिल्ली येथे योजनेचा आरंभ झाला आणि १९५५ च्या ऑगस्टमध्ये ती कलकत्ता व हावडा येथे आली.

या योजनेत दोन मापे आहेत, ती समजून घेणे अगत्याचे आहे. कामावर झालेल्या दुखापतीस हजेरीची अट नाही. पहिल्याच दिवशी यंत्रात बोटे गेली तरी हक्क पूर्ण! तात्पुरत्या अपंगत्वात सरासरी रोजच्या नव्वद टक्के रक्कम मिळते. कायमच्या अपंगत्वात कमाईची शक्ती किती उणावली ते वैद्यकीय मंडळ ठरविते. कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास तीस टक्के, एका हाताची चारही बोटे गेल्यास पन्नास टक्के, असा हिशेब लिहिलेला आहे. वाचताना मन विषण्ण होते, पण तो हिशेब नसता तर प्रत्येक बोटासाठी घासाघीस झाली असती.

साध्या आजाराचे माप मात्र निराळे. तेथे सहामाहीत किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीतील दिवसांवर पुढील जानेवारी ते जूनमधला हक्क ठरतो. क्षयासारख्या दीर्घ आजारासाठी जो वाढीव लाभ आहे, त्याला दोन वर्षांची सलग नोकरी व चार सहामाहींत मिळून १५६ दिवसांची वर्गणी लागते. कायम नोकरदारास हे सहज जमते. अडतो तो बदली कामगार. हा शब्द मुंबईच्या कापडगिरण्यांत होता तसाच येथील तागाच्या गिरण्यांतही आहे. पहाटे फाटकाशी उभे राहावे, कोणी गैरहजर असला तर काम, नाहीतर घरी. मंदीच्या सहामाहीत अशा माणसाचे ७७ दिवस भरले, तर पुढे दम्याने अंथरुण धरल्यावर त्याला औषधाची सोय असली तरी आजारपणाचा रोज मिळत नाही. पुन्हा हे दिवस मोजले जातात ते मालकाने भरलेल्या वर्गणीवरून. मुकादमाने कागदावर नावच घातले नसेल, तर झालेले काम असून नसल्यासारखेच.

आम्हां केंद्र सरकारच्या नोकरांनी या बाबतीत फार मिजास मिरवू नये. १९७२ च्या निवृत्तिवेतन नियमांप्रमाणे दहा वर्षे सेवा न झालेला कर्मचारी आजाराने कायमचा अक्षम झाला, तर त्याच्या हाती केवळ उपदानाची रक्कम पडे, मासिक वेतन नाही. ही अट २०१९ च्या जानेवारीत निघाली. खाजगी नोकरदारांसाठी मात्र १९९५ च्या कर्मचारी निवृत्तिवेतन योजनेनेच नोकरीत असता पूर्ण व कायम अपंगत्व आलेल्यास एका महिन्याच्या वर्गणीवर निवृत्तिवेतन देऊ केले होते. सरकारने दुसऱ्यांस जे दिले ते स्वतःच्या माणसांस देण्यास आणखी तेवीस वर्षे लावली, याची आम्हांस मौज वाटते, खेदही वाटतो.

कामावर जाता-येता झालेला अपघात २०१० मध्ये विमाकायद्यात आला. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत हे कायदे एकत्र गुंफले गेले आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून ती संहिता लागू झाली. लोखंडे यांच्या निवेदनाला तोवर एकशे एक्केचाळीस वर्षे झाली होती.