गोमंतकांतील पॅरिश शाळा व मुलांचें संगीतशिक्षण

ज्युबिलीच्या पुस्तिकेंत देवळाच्या भिंतींचा व घंटांचा इतिहास यावा हें योग्यच आहे. परंतु आम्ही वाचकांपुढें एक निराळा वारसा ठेवूं इच्छितों. तो म्हणजे लहान मुलांस अक्षरांबरोबरच सुरांचीही ओळख करून देण्याची कॅथलिक परंपरा.

अकराव्या शतकाच्या आरंभीं इटलींत गीदो द'अरेत्सो नांवाचे बेनेदिक्तीन संन्यासी मुलांस स्तोत्रें शिकवीत असत. तोंपर्यंत गुरूच्या तोंडून ऐकून पाठ करावें हाच मार्ग होता, व त्यांत वर्षेंच्या वर्षें जात. गीदो यांनीं रेघांवर सुरांच्या खुणा मांडिल्या आणि संत योहान बाप्तिस्ताच्या लॅटिन स्तोत्रांतील चरणांच्या पहिल्या अक्षरांवरून सुरांस 'उत्, रे, मी' अशीं नांवें दिलीं. कांहीं मुलें तीन दिवसांच्या आंत पूर्वीं न ऐकलेलें स्तोत्र गाऊं लागलीं, असें त्यांनींच एका पत्रांत लिहून ठेविलें आहे.

हीच विद्या पुढें पोर्तुगीज मिशनऱ्यांबरोबर गोमंतकांत आली. तेथील पॅरिश शाळेचा मास्तर, ज्यास पोर्तुगीज भाषेंत 'मेस्त्रे' म्हणत, धर्मोपदेशाबरोबर स्वरलेखन वाचावयास शिकवी. गळ्यानें स्वर व हातानें ताल पक्के झाल्यावर व्हायोलिन हातीं येई. त्याच्या छडीच्या आठवणीही पुष्कळ आहेत. तिचें समर्थन आम्हांस करावयाचें नाहीं. शिवाय हा लाभ मुख्यतः मुलग्यांसच मिळाला, ही उणीवही लहान नव्हे. तरी शेतकऱ्याच्या व खलाशाच्या मुलासही ही विद्या गांवांतच मिळाली, ही गोष्ट मोठी आहे.

तिचें फळ मुंबईस दिसलें. चित्रपटांतील चाल संगीतकारास सुचे. परंतु ती अनेक वाद्यांत वांटून कागदावर उतरवावी कोणीं, आणि तो कागद समोर येतांच वाजवावा कोणीं? तेथें गोंयकार वादकांवांचून अडे. माजोर्डा येथें १९२७ सालीं जन्मलेले अँथनी गोन्साल्विस हे तेथील चर्चच्या गायकवृंदाच्या प्रमुखाचे पुत्र. मुंबईंत त्यांनीं प्यारेलाल व राहुल देव बर्मन यांस व्हायोलिन शिकविलें. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटांतील गाण्यांत त्यांचें नांव आलें, तें शिष्यानें गुरूस केलेलें वंदन होय. तें गाणें गुणगुणणाऱ्या किती जणांस हें ठाऊक असेल!

जुन्या धर्तीच्या त्या शाळा आतां थोड्याच उरल्या आहेत. आमच्याकडे तर परीक्षा जवळ आली कीं प्रथम गायनाचाच तास कापला जातो. जणूं तो खेळ आहे. लहानपणीं कान कोवळा असतो, बोटें वळतात, चुकण्याची लाज वाटत नाहीं. पंधराव्या वर्षीं तींच बोटें किती अडखळतात, हें गायकवृंदास शिकवूं पाहणाऱ्यांस विचारावें. संत पायस दहावे यांनीं २२ नोव्हेंबर १९०३ च्या पत्रांत खेड्यांतील लहान चर्चमध्येंसुद्धां गायनशाळा काढण्याचा आग्रह धरिला, व उत्साही धर्मगुरूस मुलें आणि मोठीं माणसें आपल्याभोंवतीं जमविण्याचें तें फार सोपें साधन आहे असेंही त्यांत नमूद केलें.