एका कुलपाची गोष्ट

१९८९ सालच्या नाताळच्या सुट्टीत गिडो व्हॅन रॉसम यांनी एक नवी संगणकभाषा रचायला घेतली. ते अ‍ॅमस्टरडॅम येथील सीडब्ल्यूआय या गणित व संगणकशास्त्राच्या राष्ट्रीय संस्थेत काम करीत असत. फेब्रुवारी १९९१ मध्ये ही भाषा लोकांपुढे आली. हीच पायथॉन. त्या काळी टेबलावरच्या संगणकात एकच प्रोसेसर असे आणि तो एका वेळी एकाच प्रोग्रॅमचे काम पाहत असे. हे ध्यानात ठेवले नाही, तर पुढचा इतिहास निव्वळ चुकांचा वाटेल. तो तसा नाही.

१९९२ मध्ये पायथॉनमध्ये थ्रेडची सोय झाली. थ्रेड म्हणजे एकाच प्रोग्रॅममधला कामाचा वेगळा धागा. एक धागा डिस्कवरून माहिती येण्याची वाट पाहत थांबला असेल, तर दुसऱ्याने तेवढ्या वेळात हिशेब उरकावा, हा हेतू. पण येथे एक अडचण होती. पायथॉन प्रत्येक संख्येला, शब्दाला, यादीला एक मोजणी चिकटवते: ही वस्तू सध्या किती ठिकाणी वापरात आहे? मोजणी शून्यावर आली की स्मृतीतली तेवढी जागा मोकळी केली जाते. आता अशी कल्पना करा की, फळ्याच्या कोपऱ्यात हजर मुलांची संख्या ४० लिहिली आहे. दोन मुले एकदमच आली, दोघांनीही ४० वाचले आणि दोघांनीही पुसून ४१ लिहिले. हवे होते ४२. फळ्यावर हे चालून जाईल. प्रोग्रॅममध्ये मात्र एकाने कमी पडलेल्या मोजणीमुळे वापरात असलेली जागाच मोकळी होते आणि त्यावर भलतेच काही लिहिले जाते.

यावर काढलेला उपाय साधा होता. संपूर्ण इंटरप्रिटरला, म्हणजे आपली भाषा यंत्राला समजावून देणाऱ्या दुभाष्याला, एकच कुलूप. किल्ली ज्या थ्रेडच्या हाती, तोच पुढे जाणार, बाकीचे थांबणार. या कुलपाला जीआयएल म्हणतात. प्रोसेसर एकच असताना यात काही गमावले जात नव्हते. उलट सी भाषेत लिहिलेली गणिताची, चित्रांची तयार साधने पायथॉनला जोडणे सोपे झाले. पायथॉनच्या भरभराटीत या कुलपाचा वाटा मोठा आहे, असे माझे मत आहे.

कुलूप काढण्याचा पहिला गंभीर प्रयत्न १.५ या आवृत्तीच्या दिवसांतच झाला. ग्रेग स्टाइन यांनी एका मोठ्या कुलपाऐवजी जागोजागी लहान कुलपे बसवली. प्रोग्रॅम बरोबर चालले. पण कुलपे लावण्या-काढण्यातच इतका वेळ जाई की एका थ्रेडच्या प्रोग्रॅमचा वेग जवळजवळ निम्म्यावर आला. दोन प्रोसेसर लावून जेमतेम एकाइतके काम मिळणार असेल, तर तो उद्योग कोण करील? प्रयत्न मागे पडला. पुढे २००७ मध्ये व्हॅन रॉसम यांनी अटच घातली: कुलूप जरूर काढा, पण एका थ्रेडचा प्रोग्रॅम मंद होता कामा नये.

तोवर यंत्रे बदलली होती. प्रोसेसरचा ठोका वाढवत नेला की उष्णता आवरेना. मे २००४ मध्ये इंटेलने 'तेजस' हा आगामी प्रोसेसर रद्द केला, आणि २००५ मध्ये इंटेल व एएमडी या दोघांनीही एकाच चकतीवर दोन कोअर असलेले प्रोसेसर टेबलावरच्या संगणकांसाठी आणले. आता कुलूप बोचू लागले. चार कोअरपैकी एक राबतो आणि तीन बसून राहतात! डेव्हिड बीझली यांनी तर दाखवून दिले की, निव्वळ आकडेमोडीचे काम दोन थ्रेडमध्ये वाटले, तर दोन कोअरवर ते लवकर संपण्याऐवजी जवळजवळ दुप्पट वेळ घेते. किल्लीसाठी होणाऱ्या ओढाताणीचा हा परिणाम.

ऑक्टोबर २००८ च्या २.६ आवृत्तीत आलेल्या मल्टिप्रोसेसिंगने वेगळी वाट धरली. कुलूप राहू द्या. दुभाषेच चार नेमा. प्रत्येकाची स्मृती वेगळी, कुलूपही वेगळे. कामाचे तुकडे करून वाटायचे आणि उत्तरे गोळा करायची. ही पद्धत आपल्याला अपरिचित नाही. पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये उभारलेल्या परम ८००० मध्ये ६४ ट्रान्सप्युटर असेच होते: प्रत्येकाची स्मृती स्वतःची, आणि बोलणे फक्त निरोपांतून. यातला तोटाही तोच. निरोपाची ने-आण महाग पडते. लांबलचक आकडेमोड असेल तर चार कोअर चौपटीच्या जवळ नेतात. पण मोठी यादी पाठवून तिच्यातल्या प्रत्येक संख्येत फक्त एक मिळवायचा असेल, तर गठडी बांधण्यात आणि सोडण्यातच वेळ जातो आणि एकटा दुभाषी आधी मोकळा होतो. विद्यार्थ्यांकडून हा प्रयोग जरूर करून घ्यावा. घड्याळ लावून पाहिल्याशिवाय पटत नाही.

खरी कोंडी फुटली ती मोजणीच्या पद्धतीतच बदल केल्यामुळे. २०१८ मध्ये इलिनॉय विद्यापीठातील संशोधकांनी एक कल्पना मांडली. बहुतेक वस्तू ज्या थ्रेडने निर्माण केल्या, तोच त्या वापरतो. मग त्या मालकाने आपली मोजणी स्वतःच्या वहीत बिनदिक्कत लिहावी. परक्यांसाठी वेगळी वही ठेवावी आणि सावधगिरीचा खर्च तेवढ्यापुरताच करावा. सॅम ग्रॉस यांनी २०२१ मध्ये याच कल्पनेच्या आधारे बिनकुलपाचे पायथॉन चालवून दाखवले. २०२३ मध्ये पायथॉनच्या सुकाणू मंडळाने त्यांचा प्रस्ताव स्वीकारला. ऑक्टोबर २०२४ च्या ३.१३ मध्ये ही बांधणी प्रायोगिक म्हणून आली. तेव्हा एका थ्रेडचा वेग बराच घटत असे. ऑक्टोबर २०२५ च्या ३.१४ मध्ये ही घट पाच ते दहा टक्क्यांवर आली आणि बांधणीला अधिकृत मान्यता मिळाली. व्हॅन रॉसम यांची अट तंतोतंत पाळली गेली असे म्हणता येणार नाही. थोडी सूट दिली गेली, आणि सोळा कोअरच्या यंत्रावर ती रास्त वाटते.

तरीही ३.१४ ची नेहमीची बांधणी कुलपासहच येते. कारण सी भाषेतली हजारो साधने कुलूप आहेच असे गृहीत धरून लिहिलेली आहेत. बिनकुलपाच्या बांधणीत असे एखादे जुने साधन जोडले, की पायथॉन एक इशारा छापते आणि कुलूप पुन्हा लावून घेते.