तुर्भें व साष्टी येथील पकडहुकूम : दप्तरांतील शोध व त्याचें प्रामाण्य

साष्टी बेटाच्या आग्नेय टोंकास, ठाण्याची खाडी जेथें मुंबई बंदरास मिळते तेथें, तुर्भें ऊर्फ ट्रॉम्बे हा टापू आहे. येथील अमक्या इसमास धरून आणण्याचा हुकूम सरकारांतून कधीं निघाला होता काय, व तो आज सार्वजनिक दप्तरांत पाहावयास मिळेल काय, असा प्रश्न कुलवृत्तान्त लिहिणारांस व जुन्या कागदांचा संग्रह करणारांस वारंवार पडतो. त्याचें उत्तर दोन भागांत द्यावें लागतें. पहिला भाग असा कीं, शोध लागण्याजोगा आहे; मात्र हातीं येतो तो बहुधा मूळ हुकूम नसून त्याच्या मागेंपुढें निघालेले कागद होत. दुसरा भाग अधिक महत्त्वाचा आहे. धरण्याच्या हुकुमानें मनुष्याचा शोध चालला होता एवढेंच सिद्ध होतें, त्याचा अपराध सिद्ध होत नाहीं. हा भेद न पाळल्यामुळें नुसत्या एका चिठीवरून कित्येकांच्या नांवास कायमचा डाग लागण्याचा संभव असतो. म्हणून या दोन्ही भागांचा येथें क्रमानें विचार करूं.

प्रथम स्थलनिर्णय. कागदांत केवळ ‘मौजे तुर्भें’ एवढें आढळल्यास तें हेंच तुर्भें असें धरून चालूं नये. खाडीच्या पलीकडील तीरावर, हल्लींच्या नव्या मुंबईंत, दुसरें तुर्भें आहे. एक साष्टीच्या बाजूचें, दुसरें मुख्य भूमीवरचें. दोहोंचा कारभार निराळा व दप्तरेंही निराळीं. तेव्हां गांवाच्या नांवापुढें तर्फ, प्रांत वा तालुका कोणता लिहिला आहे तें पाहिल्याशिवाय निर्णय करूं नये. जुन्या इंग्रजांनीं या टापूस त्याच्या आकारावरून ‘बैलाची जीभ’ अशा अर्थाचें नांव दिलें होतें. त्यामुळें केवळ ‘ट्रॉम्बे’ हा शब्द धरून इंग्रजी कागद चाळणाराच्या हातून कांहीं नोंदी निसटतात.

दुसरी गोष्ट राज्यांतराची. वसईच्या १५३४ च्या तहानें साष्टी पोर्तुगीजांकडे गेली. १७३७ ते १७३९ च्या मोहिमेंत ती मराठ्यांनीं जिंकली. डिसेंबर १७७४ मध्यें इंग्रजांनीं ठाण्याचा किल्ला घेतला आणि १७८२ च्या सालबाईच्या तहानें साष्टी त्यांच्याकडेच राहिली. यामुळें शोधकास प्रत्येक काळाकरितां निराळें दार ठोठवावें लागतें. पोर्तुगीज काळाकरितां गोव्याचें अभिलेखागार, मराठी काळाकरितां पुण्याचें पेशवे दप्तर, व इंग्रजी काळाकरितां १८२१ सालीं स्थापन झालेलें मुंबईचें सरकारी दप्तरखानें. संधिकालांतील कागद विशेष जपून वाचावे. उदाहरणार्थ, शुहूर सन ‘खमस सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७५ हें साल १७७४ च्या मृगापासून १७७५ च्या मृगापर्यंत चालतें. ठाणें पडलें तें याच सालाच्या मध्यावर. सबब साल वाचून थांबल्यास हुकूम पेशव्यांच्या अमलांतील कीं इंग्रजांच्या, हें कळत नाहीं. महिना व चंद्र लावूनच निर्णय होतो.

इंग्रजी अमलांतही मुंबई बेट व साष्टी यांचा न्याय एक नव्हता. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाची हुकमत बेटापुरती कीं बाहेरही, यावरून १८२८ सालीं मोठाच तंटा माजला. ठाण्याच्या तुरुंगांतील बापू गणेश व पुण्याचे मोरो रघुनाथ यांस कोर्टापुढें हजर करण्याविषयीं हुकूम निघाले. मुंबई सरकारनें मोरो रघुनाथाच्या बाबतींत हुकूम मानण्याचें नाकारलें. सर जॉन पीटर ग्रँट या न्यायाधीशानें १८२९ मध्यें कोर्टाचें कामकाजच बंद ठेविलें. आणि त्याच सालीं प्रिव्ही कौन्सिलनें सरकारच्या बाजूनें निकाल दिला. तात्पर्य, त्या काळच्या तुर्भ्याच्या इसमाचा पकडहुकूम मुंबईच्या सुप्रीम कोर्टाच्या कागदांत शोधणें व्यर्थ होय. तो ठाण्याच्या जिल्हादप्तरांत शोधावा. पुढें १ ऑक्टोबर १९२० रोजीं मुंबई उपनगर जिल्हा निराळा झाला, तेव्हांपासून तिसराच संग्रह सुरू होतो. १९५० सालीं हा भाग मुंबई महापालिकेच्या हद्दींत आला.

आतां हुकुमाच्या स्वरूपाकडे वळूं. आमच्या धर्मशास्त्रांत या विषयास ‘आसेध’ अशी संज्ञा आहे. नारदानें त्याचे चार प्रकार सांगितले आहेत : स्थानासेध, कालासेध, प्रवासासेध व कर्मासेध, म्हणजे अमुक जागा सोडूं नये, अमुक काळपर्यंत थांबावें, प्रवासास जाऊं नये, अमुक कर्म करूं नये असे निर्बंध. प्रतिवादीस बोलावणें तें राजमुद्रेनें किंवा राजपुरुषाकरवीं बोलवावें, असें विज्ञानेश्वरानें मिताक्षरेंत सांगितलें आहे. मुद्रा व पुरुष हीं दोन्ही अंगें, म्हणजे शिक्का व प्यादा, पुढील प्रत्येक राज्यांत कायम राहिलेलीं दिसतील. याहून लक्षांत घेण्याजोगा भाग अपवादांचा आहे. विवाहास सिद्ध झालेला, रोगी, यज्ञास उद्युक्त, संकटांत सांपडलेला, पेरणीच्या वेळचा शेतकरी, गाई चारणारा गुराखी, युद्धांत गुंतलेला शिपाई यांस आसेध करूं नये. आणि अयोग्य आसेध करणारास दंड आहे. अर्थात् धरण्याचा हुकूम निघणें आणि तो योग्य असणें या दोन गोष्टी शास्त्रकारांनीं प्रथमपासूनच वेगळ्या मानिल्या आहेत.

मराठेशाहींतील कागदांत ‘वारंट’ हा शब्द शोधून उपयोग नाहीं. तेथें रोखा, तलब, मसाला, मोहसल, हाजिरजामीन असे शब्द येतात. रोखा म्हणजे हुकूम. मसाला म्हणजे तो घेऊन जाणाऱ्या प्याद्याचा खर्च, जो ज्याच्यावर हुकूम असे त्याच्याच पदरीं पडे. मोहसल म्हणजे बाकीदाराच्या दारीं त्याच्याच खर्चानें बसविलेला सरकारी माणूस. आणि हाजिरजामीन म्हणजे बोलावतांच हजर करण्याची हमी घेणारा. रोखा बजावून झाला कीं त्याचें काम संपे व तो पुष्कळदां नाहींसा होई. पण मसाल्याची रक्कम हिशेबांत राही, जामिनाचा कतबा दप्तरांत राही, आणि कैदी गडावर रवाना केल्यास त्याच्या शिध्याचा हुकूम रोजनिशींत राही. गणेश चिमणाजी वाड यांनीं निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिशांत अशा नोंदी पुष्कळ आहेत. म्हणून या काळच्या धरपकडीचा शोध फौजदारी कागदांत करण्यापूर्वीं जमाखर्चांत करावा.

साष्टींतील सर्वांत प्रसिद्ध प्रकरण त्रिंबकजी डेंगळे यांचें. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा जुलै १८१५ मध्यें पंढरपूर येथें खून झाला. त्याचा आरोप त्रिंबकजीवर ठेवून रेसिडेंट एल्फिन्स्टन यानें बाजीरावाकडे त्याची मागणी केली, आणि सप्टेंबरांत त्रिंबकजी इंग्रजांच्या हवालीं होऊन ठाण्याच्या किल्ल्यांत बंद झाला. १२ सप्टेंबर १८१६ रोजीं तो तेथून निसटला. किल्ल्यावर पहारा गोऱ्या शिपायांचा होता, आणि त्यांस न समजणाऱ्या मराठी गाण्यांतून बाहेरचा निरोप आंत पोंचविला गेला, अशी हकीकत त्या काळींच प्रसिद्ध झाली. मे १८१७ मध्यें एल्फिन्स्टननें एक महिन्याच्या मुदतीनें त्रिंबकजीची मागणी केली व तारणादाखल सिंहगड, पुरंदर व रायगड हे किल्ले मागितले. तेव्हां बाजीरावानें जाहीरनामा काढून त्यास धरून देणारास दोन लक्ष रुपयांचें बक्षीस लावलें. १३ जून १८१७ च्या पुण्याच्या तहांत तर त्रिंबकजीचा अपराध कलमांतच नमूद झाला, व तो हवालीं होईपर्यंत त्याचें कुटुंब इंग्रजांकडे ओलीस राहावें असें ठरलें. शेवटीं १८१८ सालीं नाशिक प्रांतांत अहेरगांवीं तो सांपडला व चुनारच्या किल्ल्यांत पाठविला गेला.

या प्रकरणाचे कागद विपुल आहेत. पूना रेसिडेन्सी करस्पॉन्डन्सच्या छापील खंडांतूनही ते पाहावयास मिळतात. परंतु त्या सर्वांत एक वस्तु नाहीं : आरोपीचें म्हणणें न्यायासनापुढें ऐकून झालेला निवाडा. मागणी आहे, हवाली आहे, जाहीरनामा आहे, बक्षीस आहे, तहाचें कलम आहे. अपराध कबूल आहे, पण कबूल करणारा त्रिंबकजी नव्हे, दबावाखालीं सही करणारा त्याचा धनी आहे. त्रिंबकजी निर्दोष होता असें आमचें प्रतिपादन नाहीं. कागदांची रास मोठी म्हणून प्रमाणही मोठें असें मानूं नये, इतकेंच सांगावयाचें आहे. इतक्या थोर असामीच्या बाबतींत हें खरें, तर खाडीकांठच्या एकाद्या अनाम कुळंब्याच्या वा कोळ्याच्या नांवें निघालेल्या एकट्या चिठीवरून त्यास चोर ठरविण्याचा आपणांस अधिकार काय?

कधींकधीं उलट प्रकारही घडतो व शोध करणाऱ्या सरकारचेंच दप्तर शोधिलेल्याचा शब्द राखून ठेवतें. खाडीपलीकडे पनवेल तालुक्यांतील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांस धरण्याकरितां १८७९ मध्यें सरकारनें बक्षीस लावलें. उलट त्यांनीं गव्हर्नराच्या शिरासाठीं बक्षीस जाहीर केलें. जुलैमध्यें ते पकडले गेले. त्यांनीं लिहिलेलें आत्मवृत्त पोलिसांच्या हातीं लागलें, पुराव्यांत दाखल झालें, आणि म्हणूनच टिकलें. मुंबई सरकारच्या दप्तरांतून निवडलेल्या स्वातंत्र्यचळवळीच्या साधनांचा पहिला खंड १९५७ सालीं निघाला, त्यांत या प्रकरणाचे कागद आहेत. पकडहुकुमाबरोबर जप्तीचे कागदही मागावे, ते याकरितां.

१८६१ च्या फौजदारी कायद्यापासून वारंटास ठराविक रूप येत गेलें. १ जुलै २०२४ पासून अमलांत असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ७२ प्रमाणें वारंट लेखी असावें, त्यावर न्यायाधिकाऱ्याची सही व न्यायालयाचा शिक्का असावा, आणि रद्द होईपर्यंत वा बजावलें जाईपर्यंत तें चालू राहतें. आरोपी दडून बसल्यास कलम ८४ प्रमाणें निदान तीस दिवसांच्या मुदतीचा जाहीरनामा निघतो. तो गांवांत ठळक जागीं वाचून दाखवितात, त्याच्या घरावर व न्यायालयांत लावितात. मुद्रा, पुरुष व दवंडी हीं जुनीं अंगें येथेंही ओळखूं येतात. न बजावलेलें वारंट लोकांस दाखविण्याची वस्तु नव्हे, कारण तसें केल्यास इसम पळेल. लोकांकरितां असतो तो जाहीरनामा. चालू खटल्यांतील वारंटाचा उल्लेख न्यायालयांच्या संगणकीय नोंदींत खटल्याच्या अवस्थेवरून कळतो. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्यानें तपासास वा आरोपी पकडण्यास अडथळा होईल अशी माहिती नाकारतां येते. परंतु वीस वर्षांपूर्वींच्या प्रकरणास हें कारण सांगतां येत नाहीं. इतिहासाच्या अभ्यासकानें ही सवलत ध्यानांत ठेवावी.

एकंदर विवेचनावरून वाचनाचे चार नियम निघतात. स्थळ तर्फेसह ठरवावें. तारीख महिन्यासह लावावी. हुकूम कोणी काढला व त्याची हुकमत तेथें चालत होती काय, हें पाहावें. आणि हुकुमाची परिणति, म्हणजे जामीन, सुटका, शिक्षा वा रद्दी, सांपडेपर्यंत त्या इसमास ‘आरोपी’ याहून पुढचें विशेषण लावूं नये. परिणति न सांपडल्यास तसें स्पष्ट लिहावें.

संग्राहकांस शेवटीं एक विनंति. मोडी रोख्याचा सुंदर शिक्क्याचा एकच बंद रुमालांतून काढून निराळा ठेवण्याचा मोह अनेकांस होतो. पण त्याच रुमालांत पुढें त्या इसमाची सुटका नोंदलेली असूं शकते. बंद वेगळा झाला कीं आरोप तेवढा उरतो व निर्दोषपणाचा पुरावा परका होतो. म्हणून कागद जेथें सांपडला त्या रुमालाचा अंक, त्याच्या आधींचा व नंतरचा कागद, यांची टीप त्याच दिवशीं करून ठेवावी. इत्यलम्.