उणे ७७ चा 'क'

बिदर जिल्ह्यातल्या भालकी-औराद भागात मराठी आणि कन्नड शेजारी शेजारी नांदतात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी होऊन बिदर आणि गुलबर्गा (२०१४ पासूनचे कलबुर्गी) म्हैसूर राज्यात गेले. घरातली भाषा मात्र सरहद्द बघून बदलत नाही, हे आपणा गोंयकारांना वेगळे सांगायला नको.

अशा दुभाषी मुलखाला सोयीचे असे एक मानक भारताने १९९१ मध्ये ठरवले. त्याचे नाव 'इस्की'. त्यात देवनागरी 'क' चा क्रमांक १७९ आणि कन्नड 'क' चाही १७९. लिपी बदला, अक्षर तेच! इंग्रजी अक्षरे १२७ च्या आत बसतात. आपली सगळी १६१ पासून पुढे.

आणि इथेच मेख होती. बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी 'सी' भाषा घडवली ती पीडीपी-११ या यंत्रावर. ते यंत्र एका बाइटचा सर्वांत वरचा बिट अधिक-उण्याचे चिन्ह समजे. दुसरी यंत्रे तसे समजत नसत. म्हणून १९७८ च्या सी-पुस्तकात आणि पुढे १९८९ च्या अमेरिकन मानकातही निर्णय कंपायलरवर सोडला गेला.

परिणाम? इंटेलच्या यंत्रावर १७९ चा 'क' होतो १७९ वजा २५६, म्हणजे उणे ७७. 'क्रमांक १२७ हून मोठा असेल तर आपली लिपी' ही साधी अट तिथे कधीच खरी ठरत नाही. कोष्टकात शोधायला जावे तर हात ७७ घरे मागे, भलत्याच जागेत पडतो. तोच प्रोग्रॅम एआरएमच्या लिनक्सवर बिनबोभाट चालतो. इंग्रजीवर चाचणी घेणाऱ्याला यातले काही दिसतच नाही.

युनिकोड आले तरी हे सुटले नाही. यूटीएफ-८ मध्ये 'क' चे तीन बाइट २२४, १६४, १४९. कन्नडचे २२४, १७८, १४९. सगळे १२७ च्या पलीकडे.

उपाय सोपा आहे: अक्षराचा बाइट 'अनसाइन्ड' असे स्पष्ट लिहावे, कंपायलरच्या मर्जीवर सोडू नये. लिनक्सच्या गाभ्यात २०२३ च्या ६.२ आवृत्तीपासून सगळ्याच यंत्रांवर साधे कॅरेक्टर अनसाइन्ड धरले जाते.

असो. जे ठरवायचे राहून जाते, त्याचा भुर्दंड सीमेपलीकडच्यांना पडतो. माणसांचे तेच, अक्षरांचेही तेच.