नळीपाशी बसलेली माणसे

१८९६ च्या प्लेगाने मुंबई हवालदिल झाली नसती, तर माटुंग्याचे रुंद रस्ते आणि फाइव्ह गार्डन्सची सावली कदाचित कागदावरही उतरली नसती. त्या साथीनंतर, १८९८ साली, सरकारने सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापिला, आणि त्या ट्रस्टाने दादर-माटुंग्याच्या जमिनी संपादून येथे आखीव वसाहत वसविली. पुढे १९२३ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट येथे आली, १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाने आपला रासायनिक तंत्रज्ञान विभाग काढून वस्त्ररसायन व रासायनिक अभियांत्रिकी यांचे शिक्षण सुरू केले, आणि १९३७ साली रुइया व खालसा महाविद्यालये उघडली. रोगाच्या धास्तीतून जन्मलेली ही वसाहत अशा रीतीने विद्येचे ठाणे झाली. पदवी हाती घेतलेल्या येथील तरुणांना दादर ओलांडले की परळ लागे, आणि परळला त्यांच्यासाठी एक नवा हुद्दा निर्माण होत होता: संशोधन साहाय्यक.

सर दोराबजी टाटा ट्रस्टने उभारलेले टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला उघडले, आणि त्याच्या प्रयोगशाळांची व संशोधनाची धुरा विकृतिशास्त्राचे विख्यात अध्यापक डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. खानोलकरांनी कर्करोगाकडे पाहिले ते रुग्णाच्या राहणीमधून. लागोपाठच्या १००० रुग्णांच्या नोंदी तपासून मुंबईतील मुखकर्करोगावर त्यांनी १९४४ साली निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या पुढच्याच वर्षी त्यांनी आणि त्यांच्या सहलेखिका सूर्याबाई यांनी लोकांच्या रूढींतून उद्भवणाऱ्या कर्करोगांचे वर्णन केले, आणि कमरेशी वर्षानुवर्षे घट्ट काचणाऱ्या धोतरापायी त्वचेला होणाऱ्या व्याधीला ‘धोती कॅन्सर’ हे नाव जगभरच्या वैद्यकग्रंथांत मिळाले. परंतु अशा एका निबंधामागे किती काम उभे असते, याचा हिशेब कोणी सहसा मांडत नाही. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, मायक्रोटोमवर त्याचे केसाहूनही पातळ काप घ्यायचे, ते काचेवर चढवून हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन या दोन रंगांत रंगवायचे, आणि प्रत्येक काचेवरचा क्रमांक दप्तरातील नोंदीशी ताडून पाहायचा. माटुंग्याच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात कापडाच्या रंगांचे रसायन शिकविले जात असता परळच्या टेबलांवर मात्र रोगाचे निदान या दोन रंगांच्या छटांवर ठरत होते.

या परंपरेतील सर्वांत तेजस्वी नाव डॉ. कमल रणदिवे यांचे होय. पुण्याच्या समर्थ घराण्यात १९१७ साली जन्मलेल्या या विदुषीने एम.एस्सी.साठी वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला होता. विवाहानंतर त्या मुंबईस आल्या, टाटा मेमोरियलमध्ये काम करू लागल्या आणि खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली १९४९ साली मुंबई विद्यापीठाच्या पीएच.डी. झाल्या. त्यांचे आरंभीचे संशोधन स्तनकर्करोगाची प्रवृत्ती कमी-अधिक असणाऱ्या उंदरांच्या वंशांवर होते. असा शुद्ध वंश तयार करावयाचा म्हणजे सख्ख्या भावंडांचा संकर निदान वीस पिढ्या अखंड चालवावा लागतो. पिढीला तीन महिने धरले तरी ही पाच वर्षांची नोकरी झाली. पिंजऱ्यावरील एक चिठ्ठी बदलली गेली, तर ती सारी वर्षे व्यर्थ जातात. तो उंदीर, तो पिंजरा आणि ती चिठ्ठी सांभाळण्याचे काम साहाय्यकाकडेच असते.

पीएच.डी.नंतर रणदिवे बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गे यांच्यापाशी पेशीसंवर्धन शिकण्यास गेल्या. याच गे यांच्या प्रयोगशाळेत १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या अर्बुदातील पेशी, तिची परवानगी न घेता, वाढविण्यात आल्या. ते तुकडे कापून नळ्यांत ठेवणारी, आणि नावाच्या आद्याक्षरांवरून नळ्यांवर ‘हेला’ असे लिहिणारी मेरी क्युबिसेक ही एक प्रयोगशाळा-साहाय्यिका होती. पहिल्या अमर मानवी पेशींचे नाव जगाने तिच्या हस्ताक्षरातून उचलले, आणि तिला मात्र फार थोडे लोक ओळखतात, याची मला मनापासून खंत वाटते.

१९५२ साली परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले, आणि रणदिवे यांनी परतल्यावर तेथे देशातील पहिली पेशीसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. या कामाची शिस्त स्वयंपाकघरातील सोवळ्याहून कडक असते. काचसामान धुताना साबणाचा अंश मागे राहिला तर पेशी मरतात, उघड्या नळीपाशी कोणी खोकला तर जंतू शिरतात, आणि पोषक द्रव ठरल्या दिवशी बदलला नाही तर महिनाभराची वाढ एका रात्रीत नष्ट होते. पेशींना रविवार नाही, गणपती नाही, गिरणीचा संपही नाही.

या प्रयोगशाळेतून कर्करोगाबाहेरचेही एक कार्य घडले, आणि त्याच्याशी माटुंग्याचे जुने नाते आहे. वसाहत वसण्याआधी, १८९० साली, म्युनिसिपल कमिशनर अ‍ॅकवर्थ यांच्या पुढाकाराने निराधार महारोग्यांसाठी येथे एक आश्रयस्थान निघाले होते. आज ते वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ रुग्णालय म्हणून ओळखले जाते. त्या व्याधीचा जंतू प्रयोगशाळेत वाढत नसे, ही जगभरच्या संशोधकांची अडचण होती. हा जंतू मज्जातंतूंत वास करतो, हे ध्यानी घेऊन रणदिवे, त्यांचे सहकारी बापट आणि खानोलकर यांनी मानवी गर्भाच्या मज्जातंतूगाठींच्या संवर्धनाचा आधार घेतला आणि १९५८ साली रुग्णाच्या गाठीतून मिळालेला एक जंतू वाढविल्याचे जाहीर केले. तो खरोखर महारोगाचाच जंतू होय की काय, याविषयी पुढे तीव्र मतभेद झाले, आणि त्याची गणना अखेर दुसऱ्याच जंतुसमूहात करण्यात आली. तथापि त्याच जंतूपासून परळला महारोगावरील लस सिद्ध करण्यात आली. जंतूच्या नावात या केंद्राची इंग्रजी आद्याक्षरे, आय.सी.आर.सी., अद्याप टिकून आहेत.

हुद्द्याचे वर्णन करताना त्याची मुदतही सांगितली पाहिजे. संशोधन साहाय्यकाची नेमणूक बहुधा एखाद्या प्रकल्पापुरती असते. अनुदान संपले की नोकरी संपते, आणि शोधनिबंधावर त्याचे नाव शेवटाकडे येते किंवा येतच नाही. हे मला अन्यायाचे वाटते, कारण चूक झाली असता तिचा जाब प्रथम त्यालाच विचारला जातो. या कामातील स्त्रियांची ओढाताण रणदिवे जाणून होत्या. १९७३ साली त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संस्था स्थापन करण्यात पुढाकार घेतला, आणि त्या संस्थेने वाशीला नोकरदार स्त्रियांचे वसतिगृह आणि पाळणाघर चालविले.

परळच्या संशोधन केंद्राचे पुढे कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झाले, १९६६ साली ते व रुग्णालय मिळून टाटा मेमोरियल सेंटर बनले, आणि २००२ साली संशोधनाचा संसार खारघरला हलला. साहाय्यकांना परळला नेणारी दादरची ट्राम तर ३१ मार्च १९६४ लाच बंद पडली होती. आता माटुंग्याच्या साहाय्यकाने किंग्ज सर्कलला गाडी धरायची, वडाळ्याला ती बदलायची, आणि खाडी ओलांडून खारघर गाठायचे, तेही रविवारी, कारण त्या दिवशी द्रव बदलावयाचा असतो.